पेव: धान्याच्या श्वासाचा इतिहास

१/
जालन्याविषयी एक जुनी म्हण प्रचलित आहे: 'जालना, सोने का पालना'. आज हे शहर ओळखले जाते ते पोलादासाठी आणि बियाण्यांसाठी. या धाग्यात आपण बियाण्यांकडे वळणार आहोत. मात्र सुरुवात बाजारपेठेतून न करता जमिनीच्या पोटातून करू. मराठवाड्यातील पिढ्यांनी धान्य कसे जपले, आणि त्या जपणुकीच्या मुळाशी धान्याचा श्वास कसा होता, याची ही हकीकत आहे.

२/
प्रथम एक शब्द. 'सध्या शिकवणी वर्गांचे पेव फुटले आहे' असे आपण सहज म्हणतो. हे पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत तो याच अर्थाने नोंदलेला आहे. वस्तू गावांतून जवळजवळ नाहीशी झाली, शब्द मात्र वाक्प्रचारात तग धरून राहिला. नव्या पिढीतील अनेकांनी पेव फुटल्याचे ऐकलेले असते. पेव पाहिलेले नसते.

३/
पेवाची जागा विचारपूर्वक निवडली जाई. जालना जिल्ह्यातील शेतजमीन बहुतांशी काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल धरून ठेवते, म्हणून पेवासाठी ती निरुपयोगी. पेव खणले जाई ते गावठाणाच्या पांढऱ्या, घट्ट मातीत, उंचवट्यावर, जिथे पावसाचे पाणी थांबत नाही. काळीत पिकवायचे आणि पांढरीत साठवायचे, अशी ही विभागणी होती.

४/
आकार साधारण रांजणासारखा: तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, पोट प्रशस्त. आत जाळ करून भिंती वाळवल्या आणि भाजल्या जात. मग शेणमातीचा लेप, तळाला आणि कडेला कडबा किंवा वाळलेल्या गवताचा जाड थर, आणि त्यावर कडकडीत उन्हात वाळवलेली ज्वारी. वरून पुन्हा गवत, मग दगडी झाकण, मग मातीचा लिंपण. हिशेब खंडीत होई. नीट भरलेल्या पेवातील ज्वारी काही वर्षे टिके, आणि अवर्षणाच्या प्रदेशात ती काही वर्षेच गावाचे भवितव्य ठरवीत.

५/
पेव किंवा कोठार उघडणे ही म्हणूनच मोठी घटना असे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बहामनी सत्तेचे सरकारी धान्य भुकेल्या रयतेसाठी खुले केले आणि ते राजकोपाला पात्र ठरले, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्या केंद्रस्थानी साठवलेली ज्वारीच आहे. दख्खनमध्ये सत्ता म्हणजे काय, याचे एक उत्तर 'धान्याच्या तोंडावरचा दगड कोण हलवू शकतो' असे होते.

६/
ही पद्धत किती जुनी? त्यासाठी थोडे पुणे जिल्ह्यात जाऊ. घोड नदीच्या काठावरील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या दरम्यानच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत त्यांना धान्यसाठ्याचे खड्डे, कणग्यांच्या बैठका आणि जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. लोखंड हाती येण्यापूर्वीच दख्खनचा शेतकरी धान्य जमिनीत ठेवू लागला होता.

७/
आता पेवाची काळी बाजू. बंद पेव उघडल्याबरोबर त्यात कोणी उतरत नसे. तोंड मोकळे करून ते बराच वेळ तसेच ठेवायचे, मग दोरीला बांधून दिवा आत सोडायचा. ज्योत टिकली तर उतरायचे, विझली तर थांबायचे. हा नियम मोडणारा माणूस आत कोसळे. त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही तिथेच राही. आत ना साप, ना आग, ना पाणी. होती ती फक्त ज्वारी. मग माणूस मेला कशाने?

८/
या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाला मिळायला अठरावे शतक उजाडावे लागले. १७५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी चुनखडीतून एक वेगळी हवा मोकळी केली. चुन्याच्या निवळीत ती सोडली की निवळी दुधाळ होई, आणि तिच्यात दिवा विझे. पुढे त्यांच्या ध्यानात आले की माणसाचा उच्छ्वासही निवळीला तसाच दुधाळ करतो. ही हवा म्हणजे आपण आज ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो वायू. शाळेतील प्रयोगशाळेत नळीने निवळीत फुंकर मारताना आपण ब्लॅक यांचाच प्रयोग पुन्हा करत असतो.

९/
पुढचे पाऊल पॅरिसमध्ये पडले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे मोजले. मग कोळसा जाळून तीच दोन मापे घेतली आणि ताडून पाहिली. निष्कर्ष धाडसी होता: श्वसन म्हणजे एक मंद ज्वलन. चुलीतले लाकूड आणि पोटातली भाकरी एकाच रासायनिक व्यवहाराने ऊर्जा देतात. एक भडकून, दुसरी सावकाश. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला, विचार मात्र उरला.

१०/
त्यांची एक समजूत मात्र चुकली. हे ज्वलन फुप्फुसांत होते, असे त्यांना वाटत होते. इटलीतील स्पालान्झानी यांनी दाखवले की शरीराबाहेर काढलेल्या ऊतीही ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे फुप्फुसे ही केवळ देवडी. खरी चूल प्रत्येक पेशीत. पुढे विसाव्या शतकात त्या चुलीची रचना उलगडली. १९२९ साली एटीपी हा पेशीतील ऊर्जेचा वाहक सापडला, आणि १९३७ साली हान्स क्रेब्ज यांनी अन्नाचे टप्प्याटप्प्याने विघटन करणारे चक्र मांडले.

११/
या चुलीचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १९२ ग्रॅम ऑक्सिजन एकत्र आले की २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०८ ग्रॅम पाणी आणि सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. यातील तीन गोष्टी लक्षात ठेवा: वायू, पाणी आणि ऊर्जा. तिसऱ्या बाबीतील बराच भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. पेवाचे सारे रहस्य या तीन नोंदींत आहे.

१२/
पण ज्वारी श्वास घेते? हो. १७७९ साली यान इंगेनहाउझ यांनी दाखवले की उन्हात हवा शुद्ध करणारी झाडे अंधारात मात्र प्राण्यांप्रमाणेच ती दूषित करतात. १८०४ मध्ये जिनिव्हाच्या द सोस्यूर यांनी अंकुरणारे बी ऑक्सिजन वापरते, हे मापून सिद्ध केले. बीज म्हणजे झोपलेले रोप. त्याच्याबरोबर शिदोरी म्हणून पिष्ट दिलेले असते, आणि झोपेतही ते त्या शिदोरीतील कणाकणाने खात असते. दाणा कोरडा असला तर हा श्वास इतका मंद की जाणवूही नये. पण जोवर बी जिवंत आहे तोवर तो थांबत नाही.

१३/
बंद पेवात केवळ दाणेच नसतात. ज्वारीच्या राशीत दाण्यांच्या फटींमध्ये सुमारे ४० टक्के जागा हवेची असते. त्या हवेवर तीन प्रकारचे जीव जगतात: दाणे, त्यांना पोखरणारे सोंडे, आणि त्यांच्यावर वाढणारी बुरशी. सोंड्यांना फुप्फुसे नसतात. त्यांच्या कुशींवर बारीक छिद्रे असतात, तिथून निघालेल्या नलिका हवा थेट पेशींपर्यंत नेतात. बुरशीला छिद्रेही लागत नाहीत. तिचे तंतू इतके सूक्ष्म की ऑक्सिजन भिंतीतूनच आत झिरपतो. मार्ग निरनिराळे, पण तिघांचा व्यवहार एकच.

१४/
तोंड लिंपले की नवी हवा येणे जवळपास बंद होते. आतले जीव श्वास घेत राहतात, २१ टक्के असलेला ऑक्सिजन उतरत जातो, कार्बन डायऑक्साइड चढत जातो. ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर आला की सोंडे मरतात. धान्य पोखरणारी कीड आपल्याच श्वासाने आपला अंत ओढवून घेते. ना औषध, ना धुरी. पेवाची युक्ती ही: शत्रूला कोंडा आणि त्याला मनसोक्त श्वास घेऊ द्या.

१५/
ऑक्सिजन संपल्यावर सारेच जीव मरत नाहीत. पाश्चर यांनी १८६१ मध्ये हवेविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा उलगडा केला. यीस्ट अशा वेळी साखरेचे अल्कोहोल करते; काही जिवाणू आम्ल करतात. आपल्याकडच्या ज्वारीच्या आंबिलीला जी चव येते ती याच व्यवहाराची. मात्र हा व्यवहार आतबट्ट्याचा असतो. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. नसताना किण्वनातून केवळ २. ओल लागलेल्या पेवाच्या कडेची ज्वारी काळवंडून आंबूस वास का मारते, हे यावरून समजते.

१६/
आता सातव्या भागातील प्रश्नाकडे परत येऊ. पेव उघडल्यावर वरची हवा लगेच खाली पोहोचत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे आणि तोंड अरुंद. आत उतरणारा माणूस जवळजवळ ऑक्सिजनहीन हवा छातीत भरतो. दम कोंडल्याची जाणीव होण्यास पुरेसा अवधीही मिळत नाही. शुद्ध आधीच हरपते. ज्या हवेने सोंडे मारले तिनेच माणूस मारला. वातीची ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनला विझते, माणूस त्यानंतरही काही काळ तगू शकतो. म्हणून दिवा माणसाच्या आधी पाठवायचा. लाव्हाझिए यांनी ज्वलन आणि श्वसन एकच असल्याचे सिद्ध केले. पेवावर दिवा सोडणाऱ्याने त्या एकरूपतेवर आपला जीव सोपवला होता.

१७/
इथे एक सावधगिरीची सूचना. दिवा जळत राहिला म्हणजे जागा निर्धोक, असे समजू नये. ज्योत टिकण्याइतका ऑक्सिजन असूनही कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घातक असू शकते. जुने पेव, वापरात नसलेली विहीर, बंद भुयार अशा ठिकाणी इतिहासाच्या ओढीने उतरण्याचा मोह अनेकांना होतो. कृपया उतरू नका. आणि कोणी आत कोसळले तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. बाहेरून मदत मागवा.

१८/
पेवाचा दुसरा वैरी म्हणजे ओल. दमट दाणा जोराने श्वास घेतो. अकराव्या भागातील जमाखर्च आठवा: श्वसनातून पाणी निघते आणि उष्णता निघते. त्या पाण्याने दाणे आणखी ओलावतात, उष्णतेने बुरशी फोफावते, ती आणखी पाणी व उष्णता सोडते. पोत्यात हात घातल्यावर 'धान्य तापलंय' असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो शेकडो कोटी सूक्ष्म चुलींचा शेक अनुभवत असतो. भाकरीत यायची ती ऊर्जा तिथेच वाया चाललेली असते. म्हणून भरण्याआधीचे कडक ऊन हा साऱ्या विद्येचा पाया होता.

१९/
आता मुख्य मुद्दा. पेवातले धान्य खाण्यासाठी असे. पेरणीचे बी बहुधा वेगळे ठेवत: निवडक कणसे आढ्याला टांगून, किंवा राख आणि कडुनिंबाचा पाला घालून उतरंडीच्या गाडग्यात. कारण खाण्याचा दाणा मेला तरी त्यातील पिष्ट पोट भरते. पेरण्याचा दाणा मेला तर वर्ष जाते. दिसायला दोन्ही सारखेच. अन्न आणि बियाणे यांच्यातील अंतर एका मंद श्वासाएवढे आहे, आणि शेतकऱ्याला हे अंतर रसायनशास्त्राशिवाय कळले होते.

२०/
नवरात्रातील घट आठवा. पत्रावळीवर शेतातली माती, तीत निरनिराळी धान्ये, मध्ये पाण्याचा घट. पाणी मिळताच झोपलेले बी जागे होते, श्वास अनेकपटींनी वाढतो, शिदोरी खर्ची पडू लागते, नऊ दिवसांत पिवळसर कोंब डोलू लागतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातले कोणते बी जिवंत आहे, याची ती घरोघरची परीक्षाही ठरते.

२१/
आणि इथून आपण पुन्हा जालन्यात येतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केली. हिंगोलीत जन्मलेले बारवाले हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभागी झालेले. त्याच वर्षी सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण देशात प्रसारित झाले. संकरित वाणात एक अट असते: घरचे धान्य पुढच्या वर्षी बी म्हणून वापरले तर पहिल्या पिढीचा जोम टिकत नाही. त्यामुळे बी राखण्याचे काम उतरंडीतून निघून गोदामात गेले. जालना हे त्या स्थित्यंतराचे एक प्रमुख केंद्र बनले. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

२२/
बियाण्याचे गोदाम नेमके काय राखते? श्वास. तो थांबू द्यायचा नाही आणि वाढूही द्यायचा नाही. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी यासाठी एक सोपा आडाखा सांगितला: ठरावीक मर्यादेत दाण्यातील ओल एक टक्क्याने घटवली की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते, साठवणीचे तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सियसने उतरवले तरी दुप्पट होते. उन्हात वाळवणे आणि गारव्यात ठेवणे हे आजीचे दोन्ही नियम यात जसेच्या तसे आहेत; भर पडली ती आकड्यांची.

२३/
हा श्वास तुटला तर काय होते, हे मराठवाड्याने २०२० च्या खरिपात पाहिले. पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. सोयाबीनचे बी मुळात नाजूक. काढणीच्या वेळचा पाऊस, मळणीचा मार, साठवणीतील ऊब, यांपैकी कशानेही ते आतल्या आत मरते आणि वरून टवटवीत दिसते. म्हणून पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती उगवतात ते मोजावे, असे सांगितले जाते. प्रमाणित सोयाबीनसाठी किमान उगवण ७० टक्के लागते. घटाचेच हे मोजके रूप.

२४/
मग पेव गेले कुठे? एका घावात नाही गेले. १९७२ च्या आगेमागे सलग अवर्षण आले. पेवात भरायला काही उरले नाही, आणि लोकांनी रेशनवरच्या परदेशी तांबड्या मिलोवर व दुष्काळी कामांवरच्या सुकडीवर दिवस काढले. त्यानंतर धान्य सरकारी गोदामांतून येऊ लागले, ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन उभे राहिले, पत्र्याच्या कोठ्या घरात आल्या. विकायचे पीक साठवायचे नसते. गावाची शिदोरी गावाच्या मातीतून बाहेर पडली, आणि पेवांची तोंडे बुजत गेली. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे त्यानंतरही वापरात राहिली. २००५ च्या महापुराने त्यांचीही मोठी हानी केली.

२५/
तत्त्व मात्र मेले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी प्लास्टिकच्या तीन थरांची हवाबंद पिशवी विकसित केली. कीड आतला ऑक्सिजन संपवते आणि मरते. ही पिशवी म्हणजे उचलून नेता येणारे पेवच. दुसऱ्या टोकाला नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून जगभरचे बियाणे उणे १८ अंश सेल्सियसला राखले जाते, श्वास जवळजवळ थांबावा इतक्या थंडीत. एक ठिकाण अन्नाचे, एक बीजाचे. जुन्या घरातील पेव आणि उतरंड यांचेच वंशज.

२६/
इतिहास आपण बहुधा लढायांच्या तारखांतून वाचतो. याच जालना जिल्ह्यातील आसई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांची आणि वेलस्लीची लढाई झाली, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु त्या सैन्यांचे बैल, घोडे आणि माणसे ज्या दाण्यावर चालली, तो दाणा कोणी, कुठे आणि कसा जिवंत किंवा निर्जंतुक राखला, याची नोंद क्वचितच होते. ती नोंद गावाच्या पांढरीत, बुजलेल्या खड्ड्यांत आणि वृद्धांच्या बोलण्यात आहे.

२७/
तुमच्या गावात पेव असेल तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्या: ते कोठे होते, किती खंडीचे होते, शेवटचे केव्हा भरले, दिवा कोण सोडत असे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. बळद, कणगी, उतरंड, लिंपण हे शब्द ज्यांनी वापरले ती पिढी आता थकली आहे. खड्ड्यात उतरण्याची गरज नाही. माणसांशी बोलणे पुरेसे आहे.

धागा समाप्त.